गाडीतील असमान गारवा : गॅस भरण्यापूर्वी ताळा पाहा

वाहनकर्जाची चौकशी करण्यासाठी येणारा ग्राहक आज गाडीची किंमत, इंधनाचा खर्च आणि मासिक हप्ता यांच्या जोडीने ‘एसी कसा आहे?’ हा प्रश्न हमखास विचारतो. एके काळी चैनीची समजली जाणारी ही सोय आता बहुतेक कुटुंबांची गरज झाली आहे. मात्र खरेदीच्या वेळी दाखविलेली ही चौकस वृत्ती देखभालीच्या वेळी फारशी दिसत नाही. दोन-तीन उन्हाळे सरले की तक्रार सुरू होते : ‘एसी चालतो, पण सगळीकडे सारखा गार करत नाही.’ चालकाच्या अंगावर थंड झोत येतो आणि शेजारी बसणारा घामाघूम होतो. पुढे गारवा असतो आणि मागची मंडळी खिडकी उघडू पाहतात. किंवा महामार्गावर सुखद वाटणारी गाडी बाजारपेठेत शिरताच तापू लागते. या सर्व तक्रारींवर अनेक ठिकाणी एकच उपाय सुचविला जातो : ‘गॅस कमी झाला आहे, भरून घ्या.’ हा उपाय काही वेळा योग्य असतो. पण पुष्कळदा तो आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशा स्वरूपाचा ठरतो. गारवा नेमका कोठे, केव्हा आणि किती कमी पडतो, याची नोंद ग्राहकाने स्वतः केली, तर दोषाचे निदान निम्म्याहून अधिक सोपे होते. ती नोंद कशी करावी आणि तिचा अर्थ कसा लावावा, हे येथे पाहावयाचे आहे.

उदाहरणासाठी लखनौचा चौक घेऊ. गोल दरवाजा ते अकबरी दरवाजा असा पसरलेला हा जुना बाजार चिकनच्या भरतकामासाठी, अत्तरासाठी आणि सराफ्यासाठी प्रसिद्ध आहे. या सराफ्यात सोने-चांदी गाळून शुद्ध करणारी गलाई व्यवसायातील मराठी कुटुंबेही आहेत. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेल्या या कष्टाळू मंडळींनी देशभरातील सराफ बाजारांत आपले पाय रोवले आहेत. मे-जूनमध्ये लखनौचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, कधी ४५ अंशांना टेकते आणि दुपारी ‘लू’ नावाचे कोरडे, भाजणारे वारे वाहतात. अरुंद रस्ते, ई-रिक्षांची दाटी आणि पावलापावलावर थांबणारी वाहतूक यांमुळे गाडीच्या वातानुकूलन यंत्रणेची जी कसोटी येथे लागते, ती मोकळ्या रस्त्यावर क्वचितच लागते. शिवाय शाळेला सुट्टी लागली की हीच कुटुंबे सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रवास करून गावी निघतात. अशा वेळी मागच्या आसनावरील वृद्ध आणि लहान मुले यांच्यासाठी गारवा हा केवळ आरामाचा प्रश्न राहत नाही.

वाळ्याच्या पडद्यापासून कूलिंग कॉइलपर्यंत

दोष समजून घ्यायचा तर आधी यंत्रणा समजली पाहिजे, आणि तिचे मूळ तत्त्व आपणास नवे नाही. माठातील पाणी गार होते, कारण माठाच्या अंगातून पाझरणारे पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेते. दारावर टांगलेल्या वाळ्याच्या ओल्या पडद्यातून येणारा वारा थंड लागतो, तोही याच कारणाने. लखनौच्या उन्हाळ्याला तोंड देण्यासाठी पूर्वीच्या लोकांनी नाना युक्त्या योजल्या होत्या. अठराव्या शतकात क्लोद मार्तँ या फ्रेंच गृहस्थाने गोमतीच्या काठी बांधलेल्या कोठीत, जी पुढे फरहत बख्श कोठी म्हणून ओळखली गेली, उन्हाळ्यात राहण्यासाठी जमिनीखालच्या खोल्या होत्या.

मोटारीतील एसी वाळ्याच्या पडद्याचेच तत्त्व वापरतो. फक्त पाण्याच्या जागी सहज उकळणारा शीतकारक असतो. आपल्याकडील बऱ्याच गाड्यांत असलेला ‘आर-१३४ए’ हा शीतकारक वातावरणाच्या सामान्य दाबाखाली उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. यालाच आपण बोलीभाषेत ‘गॅस’ म्हणतो. कॉम्प्रेसर हा गॅस दाबून तप्त करतो. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि द्रवरूप होतो. वाटेत ड्रायर त्यातील ओलावा टिपून घेतो. मग एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या सूक्ष्म छिद्रातून तो डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. तेथे दाब एकदम उतरल्याने तो उकळू लागतो आणि कॉइलवरून जाणाऱ्या हवेतील उष्णता शोषून घेतो. ब्लोअरचा पंखा ही गार हवा डॅशबोर्डवरील झरोक्यांतून आपल्यापर्यंत पोहोचवितो. कॉइलजवळ एक झडपही असते. आपण तापमानाचा खटका फिरवितो, तेव्हा ही झडप गार हवेत इंजिनच्या उष्णतेवर तापलेली हवा कमी-अधिक मिसळते.

म्हणजे गारवा आपल्यापर्यंत येण्याच्या वाटेवर चार नाकी आहेत : गॅसचे चक्र, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, हवा वाहून आणणारा ब्लोअर व फिल्टर आणि गार-गरम हवेचे वाटप करणाऱ्या झडपा. यांपैकी कोणत्याही नाक्यावर अडथळा आला, तरी प्रवाशाला जाणवते ती गोष्ट एकच, म्हणजे उकाडा. म्हणूनच केवळ ‘कूलिंग कमी आहे’ असे सांगून गाडी गॅरेजमध्ये सोडणे म्हणजे वैद्याला केवळ ‘बरे वाटत नाही’ असे सांगण्यासारखे आहे.

गॅस हे इंधन नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेट्रोल जळून संपते. एसीचा गॅस संपत नाही. तो बंद नळ्यांतून पुनःपुन्हा फिरत राहतो. रबरी नळ्या आणि सांध्यांतून वर्षानुवर्षे अगदी अल्प प्रमाणात तो झिरपतो, हे खरे. परंतु दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे, असाच त्याचा अर्थ होतो. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे तेरीज जुळली नाही म्हणून फरकाची रक्कम उचंती खात्यात टाकून मोकळे होणे. कागदावर दोन्ही बाजू जुळल्यासारख्या दिसतात; चूक मात्र जागच्या जागी राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा समोर येते.

या यंत्रणेत गॅस किती असावा, हेही निश्चित असते. ते प्रमाण ग्रॅममध्ये लिहिलेली चिठ्ठी बहुधा बॉनेटखाली चिकटविलेली आढळते. लहान गाड्यांत हे प्रमाण साधारणतः अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळे शंभर-दीडशे ग्रॅमची तूटही गारव्यावर परिणाम करते आणि तेवढीच वाढही घातक ठरते. गॅस अधिक झाल्यास दाब वाढतो, गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. म्हणून ‘थोडा जास्तच भरा’ हा आग्रह ग्राहकाने कधीही धरू नये.

तक्रारीची नोंद कशी करावी

स्वयंपाकघरात वापरतात तसला, टोकदार सळईचा साधा डिजिटल तापमापक यासाठी पुरेसा आहे. गाडी मोकळ्या जागी, शक्यतो सावलीत उभी करावी. दारे-खिडक्या बंद, एसी पूर्ण थंडाव्यावर, ब्लोअर वेगात आणि हवा आतल्या आत फिरविण्याचे बटण चालू ठेवावे. इंजिन साधारण दीड हजार फेऱ्यांवर दहा मिनिटे चालू द्यावे. मग प्रत्येक झरोक्यात तापमापकाचे टोक धरून आकडा कागदावर लिहावा : चालकाकडील कडेचा, मधले दोन, शेजाऱ्याकडील कडेचा आणि असल्यास मागचे. त्यानंतर इंजिन मंद गतीवर आणून पाच मिनिटांनी पुन्हा आकडे घ्यावेत. तिसरी नोंद अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासानंतर घ्यावी.

यंत्रणा निर्दोष असेल, तर मधल्या झरोक्यांतील हवा साधारण ५ ते १० अंशांची असते. रणरणत्या उन्हात किंवा पावसाळी दमट हवेत ती काहीशी अधिक असू शकते. कडेच्या झरोक्यांकडे जाणारी नळी लांब असल्याने तेथे एक-दोन अंशांचा फरक स्वाभाविक आहे. खिडकीतून एकाच बाजूला ऊन येत असेल, तर त्या बाजूच्या प्रवाशाला उकडणारच. तो यंत्रणेचा दोष नव्हे. परंतु डाव्या-उजव्या झरोक्यांत पाच-सहा अंशांहून अधिक तफावत दिसली, तर शोध घेणे आवश्यक होते.

नोंदीचा अर्थ

पहिला प्रकार : एक बाजू गार, दुसरी कोमट. याची मुख्य कारणे दोन. ज्या गाडीत चालक आणि शेजारी यांच्यासाठी तापमानाचे वेगवेगळे खटके असतात, तेथे प्रत्येक बाजूची झडप एक छोटी मोटर फिरविते. ही मोटर किंवा तिचे दाते झिजले, तर झडप अर्धवट उघडी राहते आणि त्या बाजूला गरम हवा मिसळत राहते. तापमानाचा खटका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावा. डॅशबोर्डच्या आतून टकटक आवाज आला किंवा एका बाजूच्या हवेत काहीच बदल झाला नाही, तर संशय झडपेवर घ्यावा. दुसरे कारण गॅसच्या तुटीचे आहे. गॅस कमी असला की तो कूलिंग कॉइलच्या पहिल्याच भागात उकळून संपतो आणि उरलेला भाग कोरडा व कोमट राहतो. काही गाड्यांत कॉइलच्या एका भागावरून जाणारी हवा डावीकडे आणि दुसऱ्या भागावरून जाणारी उजवीकडे वळते. अशा गाडीत गॅसची तूट डाव्या-उजव्या फरकाच्या रूपाने प्रकट होते. म्हणजे येथे ‘गॅस कमी आहे’ हे निदान खरे असू शकते. मात्र ते दाब मोजून सिद्ध झाले पाहिजे, अंदाजाने नव्हे.

दुसरा प्रकार : पुढे गार, मागे उकाडा. येथे प्रथम आपल्या गाडीच्या मागील झरोक्यांचा प्रकार ओळखावा. अनेक लहान गाड्यांत ते म्हणजे पुढचीच गार हवा मागे नेणारी नळी असते. काही गाड्यांत मागे केवळ एक पंखा असतो आणि तो गाडीतील हवाच ढकलतो. अशा गाड्यांत मागे गारवा पोहोचण्यास वेळ लागणे हा दोष नाही. सात-आठ आसनी मोठ्या गाड्यांत मात्र बहुधा मागे स्वतंत्र कूलिंग कॉइल, स्वतंत्र ब्लोअर आणि स्वतंत्र एक्सपान्शन व्हॉल्व्ह असतो. तेथे मागील झरोक्यापाशी हात धरून पाहावे. हवाच कमी येत असेल, तर ब्लोअर किंवा हवा खेचणारी जाळी तपासावी. ही जाळी सामानाच्या बोजाखाली झाकली गेल्याचेही पुष्कळदा आढळते. हवा जोरात येत असूनही कोमट असेल, तर मागील व्हॉल्व्ह अथवा मागे जाणारी नळी अडलेली असण्याची शक्यता मोठी.

तिसरा प्रकार : धावताना गार, थांबल्यावर गरम. चौकासारख्या गर्दीच्या बाजारातील ही नेहमीची तक्रार होय. गाडी धावत असते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सरला थंड ठेवतो. गाडी थांबली की ते काम एकट्या पंख्यावर येऊन पडते. पंखा बंद असेल, मंद फिरत असेल किंवा कंडेन्सरच्या बारीक पात्यांत धूळ, किडे आणि केरकचरा भरला असेल, तर उष्णता बाहेर पडतच नाही. एसी सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत हा पंखा थोड्याच वेळात फिरू लागतो. बॉनेट उघडून दुरूनच ते पाहावे. पंखा आपोआप केव्हाही सुरू होतो, म्हणून हात, ओढणी किंवा साडीचा पदर त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. कंडेन्सर साध्या नळाच्या हलक्या धारेने धुता येतो. जोराच्या फवाऱ्याने त्याची पाती वाकतात.

चौथा प्रकार : आरंभी उत्तम, तासाभराने नाही. येथे दोन शक्यता वेगळ्या करून पाहाव्यात. प्रवास लांबत जाईल तसा हवेचा झोतच कमी होत गेला, तर कूलिंग कॉइलवर बर्फ साचत आहे, असे समजावे. कॉम्प्रेसर बंद करून केवळ ब्लोअर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. बर्फ वितळून झोत पूर्ववत झाला, तर निदान पक्के झाले. याचे कारण बहुधा कॉइलचे तापमान पाहणाऱ्या थर्मिस्टरचा बिघाड, चोंदलेला केबिन फिल्टर किंवा गॅसची तूट हे असते. याउलट झोत तेवढाच राहून हवा आळीपाळीने गार व गरम होत असेल, तर चक्रात ओलावा शिरून तो एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रापाशी गोठत असावा. अशा वेळी ड्रायर बदलून नळ्यांतील हवा व ओलावा निर्वात पंपाने पूर्णपणे काढून टाकावा लागतो.

चौकातील एक उदाहरण

सराफ्यातील एका ग्राहकाने आमच्या शाखेतून कर्ज घेऊन सात आसनी गाडी खरेदी केली होती. चौथ्या उन्हाळ्यात मागील दोन रांगांत गारवा पोहोचेनासा झाला. गावी जाण्याचा दिवस जवळ आला होता आणि मागच्या रांगेत त्यांच्या वयोवृद्ध मातोश्री बसणार होत्या. एका गॅरेजमध्ये गॅस भरून झाला. चार दिवसांत फरक न पडल्याने पुन्हा थोडा भरला गेला. परिणाम असा झाला, की आता पुढचा गारवाही कमी झाला. कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला मिळाला. त्या मोठ्या खर्चाची रक्कम कर्जातून मिळेल काय, हे विचारण्यासाठी ते शाखेत आले.

त्यांना एवढेच सुचविले, की कॉम्प्रेसर बदलण्यापूर्वी प्रत्येक झरोक्याचे तापमान लिहून काढावे आणि दुसऱ्या एखाद्या जाणकाराला दोन्ही गेजवरील दाब लेखी द्यावयास सांगावे. दुसऱ्या मेकॅनिकच्या तपासणीत दोन्ही दाब प्रमाणाबाहेर अधिक आढळले, म्हणजे गॅस जादा झाला होता. मागील ब्लोअरची हवा भरपूर होती. परंतु मागील कॉइलकडे जाणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह अडकून बसला होता. सर्व गॅस यंत्राने काढून घेऊन, व्हॉल्व्ह व ड्रायर बदलून आणि चिठ्ठीवरील प्रमाणाप्रमाणे वजन करून गॅस भरल्यावर मागे व पुढे सारखा गारवा येऊ लागला. कॉम्प्रेसर शाबूत होता. नव्या कर्जाची गरज उरली नाही आणि मातोश्रींचा प्रवास सुखाचा झाला.

दोन गेजची साक्ष

मेकॅनिक आपल्या गाडीला निळी व तांबडी अशा दोन नळ्या जोडतो. निळी नळी कमी दाबाच्या बाजूची, तर तांबडी अधिक दाबाच्या बाजूची. ग्राहकाला आकडे पाठ असण्याची गरज नाही. दोहोंचा परस्परसंबंध समजला तरी पुरे. दोन्ही दाब कमी असतील, तर गॅसची तूट संभवते. दोन्ही अधिक असतील, तर गॅस जादा आहे, नळ्यांत हवा शिरली आहे किंवा कंडेन्सर उष्णता टाकत नाही. कमी दाबाची बाजू चढलेली आणि अधिक दाबाची उतरलेली असेल, तर कॉम्प्रेसर दुबळा झाला आहे. कमी दाबाची बाजू शून्याखाली जात असेल, तर वाटेत कोठेतरी अडथळा आहे. दाब बाहेरच्या तापमानानुसार बदलतात, म्हणून मोजणीच्या वेळचे तापमानही लिहून घ्यावे. आणि दोन्ही दाब यथायोग्य असतील, तर गॅसच्या चक्राला दोष देण्याचे कारण नाही; शोध झडपा, फिल्टर आणि ब्लोअर यांच्याकडे वळवावा.

गॅरेजमध्ये जाताना पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. जुना गॅस वजन करून काढणार काय, आणि तो किती निघाला? गळती कशी शोधणार : नायट्रोजनचा दाब देऊन, चमकणारा रंग मिसळून की इलेक्ट्रॉनिक शोधकाने? निर्वात पंप किती वेळ चालविणार? तो किमान अर्धा तास चालणे हितावह असते. नवा गॅस किती ग्रॅम भरला, हे बिलावर लिहून मिळेल काय? ज्याचे काम चोख आहे, त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

खर्चाचा क्रम आणि विमा

आर्थिक दृष्टीने शहाणपणाचा मार्ग म्हणजे स्वस्तापासून महागाकडे जाणे. केबिन फिल्टर बहुतेक लहान गाड्यांत काही शे रुपयांत मिळतो आणि अनेकदा घरीच बदलता येतो. कंडेन्सर धुण्यास पाणी लागते. पंख्याचा फ्यूज किंवा रिले तपासणे मिनिटांचे काम आहे. हे सर्व झाल्यावरच झडपेची मोटर, व्हॉल्व्ह आणि अगदी शेवटी कॉम्प्रेसर यांचा विचार करावा. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर बाहेर कोणतेही काम करण्यापूर्वी अधिकृत सेवा केंद्रात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी.

विम्याविषयीही अपेक्षा स्पष्ट असाव्यात. मोटार विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत झीज आणि यांत्रिक अथवा विद्युत बिघाड यांची भरपाई मिळत नाही. परंतु कंडेन्सर गाडीच्या अगदी पुढच्या भागात असल्याने समोरून बसलेल्या धक्क्यात तो फुटू शकतो. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे संरक्षण पॉलिसीत असेल, तर अशा अपघाती हानीचा दावा करता येतो. म्हणून किरकोळ धडकेनंतर बंपरबरोबर एसीची तपासणी करून घेणे आणि ती सर्वेक्षकाच्या नजरेस आणणे हिताचे असते. सर्व बिले जपून ठेवावीत. गाडी विकताना त्यांचा उपयोग होतो.

गळती केवळ आपल्या खिशाची नव्हे

पूर्वी गाड्यांत ‘आर-१२’ हा शीतकारक वापरीत. तो ओझोनच्या थराला हानी पोहोचवितो, हे सिद्ध झाल्यावर १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याला निरोप देण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि त्याच्या जागी ‘आर-१३४ए’ आला. हा ओझोनला इजा करीत नाही. परंतु वातावरणात उष्णता धरून ठेवण्याची त्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटविण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे झालेल्या दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये संमती दिली. काही नव्या गाड्यांत आता ‘आर-१२३४वायएफ’ हा वेगळा शीतकारक असतो. तो सौम्य ज्वालाग्राही असून दोन्ही एकमेकांत मिसळता येत नाहीत. तेव्हा बॉनेटखालील चिठ्ठीवर लिहिलेलाच गॅस वापरावा आणि स्वस्त म्हणून अनोळखी डब्यातील गॅस भरू नये. विद्युत आणि संकरित गाड्यांतील कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो व त्याचे तेलही वेगळे असते. त्या गाड्यांचे काम प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावे.

काही सवयी, काही सावधगिरी

उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्यावर प्रथम काचा उतरवून तप्त हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मिनिटा-दोन मिनिटांनी हवा आतल्या आत फिरविण्याचे बटण दाबावे. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधील तेल फिरते राहते आणि सांध्यांतील रबरी कड्या कोरड्या पडत नाहीत. लखनौसारख्या धुक्याच्या प्रदेशात तर हिवाळ्यात एसीचा आणखी एक उपयोग आहे. तो हवेतील दमटपणा काढून समोरच्या काचेवरील आतले धुके घालवितो. अर्धी काच स्वच्छ आणि अर्धी धूसर राहत असेल, तर काचेकडे जाणारी हवा दोन्ही बाजूंना सारखी पोहोचते काय, हे हातांनी तपासावे. पायाखालची गालिच्याची पट्टी ओली लागत असेल, तर कॉइलवरील पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे, असे समजावे. ती साफ करणे अल्प खर्चाचे काम आहे. दुर्लक्ष केल्यास दुर्गंधी आणि गंज या दोहोंना आमंत्रण मिळते.

सर्वांत महत्त्वाची सावधगिरी माणसांच्या बाबतीत घ्यावयाची आहे. उन्हात बंद गाडीतील तापमान तासाभरात बाहेरच्या तापमानापेक्षा वीस अंशांहूनही अधिक वाढू शकते आणि त्यातील बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. म्हणून मूल, वृद्ध किंवा पाळीव प्राणी यांना ‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणून कधीही गाडीत एकटे ठेवू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन व एसी चालू ठेवून गाडीत बसणे किंवा झोपणे प्राणघातक ठरू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रंगहीन व गंधहीन असल्याने त्याची चाहूल लागत नाही. लांबच्या प्रवासात मागील आसनावरील व्यक्तींना गारवा पोहोचतो काय, हे चालकाने मधूनमधून विचारावे. पुढे बसणाऱ्याला तो अंदाज येत नाही, आणि घरातील वडीलधारी मंडळी स्वतःहून तक्रार करीत नाहीत.

उन्हाळ्याच्या आरंभी, गर्दी होण्यापूर्वीच एका सुट्टीच्या सकाळी ही तापमानाची नोंद करून ठेवावी आणि तो कागद गाडीच्या सेवापुस्तिकेत जपावा. पुढील वर्षी त्याच पद्धतीने घेतलेले आकडे त्याशेजारी मांडले, की यंत्रणेत काय बदल झाला, ते ग्राहकाला आणि मेकॅनिकलाही एका दृष्टिक्षेपात कळेल.